सवलत मिळाली, तयारीचे काय?

दिव्यांग मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाबद्दल आपल्याकडे एक मत घट्ट रुजले आहे: कायद्याने द्यायचे ते देऊन टाकले आहे, आता उरला तो मुलाच्या जिद्दीचा प्रश्न. शिक्षक असे म्हणतात, संस्थाचालक म्हणतात, दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रे हेच छापतात. आईवडीलही हेच खरे मानून गप्प बसतात, हे मला सर्वांत जास्त लागते. हे मत चुकीचे आहे आणि त्याने मुलांचे नुकसान होते, असे माझे म्हणणे आहे. पण खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, हा आपल्या वादपरंपरेचा शिरस्ता आहे. आणि हा पूर्वपक्ष दुबळा नाही.

पूर्वपक्ष असा. १९९५च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ती एकवीस केली. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या राखीव जागा तीन टक्क्यांवरून किमान पाच टक्क्यांवर गेल्या, प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आली. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ मिळतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती आहे, एसटीच्या भाड्यात सवलत आहे. १५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा भरण्याची आणि इमारती सुगम करण्याची ताकीद सर्व उच्च शिक्षणसंस्थांना दिली. २०२२ साली महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. पूर्वपक्षी विचारतो, इतके असताना मूल मागे पडत असेल तर उणीव कशाची?

उणीव तयारीची. वर मोजलेली प्रत्येक गोष्ट मूल एखाद्या दारापाशी पोहोचल्यावर उपयोगी पडते, लेखनिक परीक्षेच्या दारात आणि राखीव जागा प्रवेशाच्या दारात. तिथवर मुलाला कोण आणते आणि आत गेल्यावर ते कशाच्या बळावर टिकते, याबद्दल ही यादी काही बोलत नाही.

हे कागदावर न ठेवता एखाद्या गावात नेऊन पाहावे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव घेऊ. कोसा विणणाऱ्या कोष्टी कुटुंबांमुळे विदर्भात या गावाची ओळख आहे. अशा गावातले नववीत शिकणारे एखादे दिव्यांग मूल डोळ्यांपुढे आणा. त्याच्यासाठी कॉलेज म्हणजे मोहाडी, तुमसर किंवा भंडारा. फार झाले तर भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवरचे नागपूर. पण आपल्याकडे कॉलेज बारावीनंतर सुरू होत नाही. दहावी झाली की मूल अकरावीच्या कॉलेजात जाते, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षीच त्याची शाळा, त्याचे शिक्षक, रोजचा रस्ता आणि बाकावरचा सोबती सारे एकदम बदलते. पाचवीपासून त्याला ओळखणारे, न सांगता पहिल्या बाकावर बसवणारे, फळ्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारे गुरुजी मागे राहतात. नव्या वर्गात शंभर मुले असतात आणि त्याला नेमके काय लागते हे कुणालाच ठाऊक नसते. उशिरा शाळेत घातलेल्या मुलाचे आणखी अवघड, कारण दिव्यांग मुले पुष्कळदा उशिरा शाळेत येतात किंवा आजारपणात त्यांचे वर्ष जाते. अठराव्या वर्षी ते अकरावीत असेल तर मोफत शिक्षणाच्या कलमाची मुदतही तिथेच संपते. म्हणून कॉलेजची तयारी बारावीत करू म्हणणे म्हणजे ती न करणे होय. तिची वेळ आठवी-नववी ही आहे.

आता सवलतींकडे वळतो. माझा मुख्य आक्षेप इथे आहे आणि तो नीट समजून घेतला जावा. सवलती नकोत असे मी म्हणत नाही, त्या हक्काच्या आहेत. पण सवलत देऊन तयारी झाली असे मानले की काही सवलती पुढची दारे बंद करतात. सर्वांत ठळक उदाहरण गणिताचे. अध्ययन अक्षमता आणि इतर काही गटांतल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या दहावीत नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा एक विषय घेण्याची मुभा आहे. ज्या मुलाला आकड्यांची उलटापालट होण्याचा खराच त्रास आहे, त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण ती मागितली कशी जाते? पुष्कळदा आठवी-नववीतच ‘याला कशाला त्रास, पास होऊ दे’ म्हणून मोठी माणसे ठरवून टाकतात. अकरावीला विज्ञान, वाणिज्यातला हिशेब आणि सांख्यिकी, संगणकाचे अभ्यासक्रम, पुढे बँकेच्या भरतीतले अंकगणित, या सगळ्यांवर त्या सहीचा परिणाम होणार आहे हे मुलाला कुणी सांगत नाही. दहावीचा निकाल चांगला लागतो, पेढे वाटले जातात, आणि रस्ता अरुंद झाल्याचे दोन वर्षांनी कळते.

अंध मुलांच्या बाबतीत तर गणित सोडण्याला बौद्धिक कारणच नाही. टेलर फ्रेमवर मांडणी करता येते, अबॅकसवर हिशेब करता येतो, उठावदार आकृत्यांनी भूमिती शिकता येते. गणिताच्या चिन्हांची नेमेथ ब्रेल लिपी १९५२ साली प्रसिद्ध झाली, आणि ती रचणारे अब्राहम नेमेथ स्वतः अंध गणितज्ञ होते. अडचण मुलाच्या डोक्यात नाही, टेलर फ्रेम कधी हातात न धरलेल्या शाळेत आहे. ती अडचण दूर करण्याऐवजी आपण विषयच काढून टाकतो.

भाषेच्या सवलतीचेही असेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद २०१६च्या कायद्यातच आहे. कर्णबधिर मुलावर एकाच वेळी तीन भाषांचे ओझे टाकणे अन्यायाचे, हे मला मान्य. पण सूट मिळालेल्या तासाला ते मूल काय करते? त्या वेळात मराठी वाचन-लेखन पक्के करून घेतले, भारतीय सांकेतिक भाषा शिकवली, तर सूट सार्थकी लागली. ते नुसते मागच्या बाकावर बसून राहिले, तर कॉलेजातले पुस्तक त्याला कोणत्याच भाषेत वाचता येणार नाही.

लेखनिकाच्या सवलतीवर मला सविस्तर बोलायचे आहे, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. लेखनिक दिला म्हणजे परीक्षा सोपी झाली, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात मुलावर एक वेगळेच काम येऊन पडते. वर्षभर ज्याने स्वतः लिहिले किंवा नुसते ऐकले, त्याने अचानक एका अनोळखी, खालच्या इयत्तेतल्या मुलाला तीन-चार तास अखंड मजकूर सांगायचा असतो. उत्तराचा आराखडा मनात धरायचा, वाक्य सांगता सांगता पुढचे तयार ठेवायचे, परिच्छेद कुठे तोडायचा ते सांगायचे, शास्त्रीय संज्ञा अक्षरे फोडून सांगायच्या, रासायनिक समीकरणातला लहान आकडा खाली लिहायचा की वर हे बजावायचे, आकृतीतली रेघ कुठून कुठे ओढायची ते शब्दांत मांडायचे, लिहिलेले परत वाचून घ्यायचे, आणि या सगळ्यात घड्याळाचे भान ठेवायचे. हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते सरावाने येते. आठवीच्या घटक चाचणीपासून दर परीक्षेला वेगळा लेखनिक देऊन हा सराव करून घेता येतो. बोर्डाच्या पहिल्या पेपरलाच मूल पहिल्यांदा लेखनिकापुढे बसले, तर त्याचे गुण त्याच्या ज्ञानाचे मोजमाप राहत नाहीत. वाढीव वेळेचेही तसेच आहे. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या पाठीला ते चार तास बसणे शिकावे लागते आणि मध्ये कधी थांबायचे हे आधी ठरवावे लागते.

ही गोष्ट हेलन केलरसारख्या विद्यार्थिनीलाही चुकली नाही. रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी तिने वर्षानुवर्षे कसून अभ्यास केला होता. १८९९ साली बीजगणिताची परीक्षा दोन दिवसांवर आली असताना हाती पडलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकेवरून तिच्या लक्षात आले, की पेपर अमेरिकन ब्रेलच्या चिन्हांत असणार आहे. बीजगणित ती शिकली होती इंग्लिश ब्रेलमध्ये. कंस आणि मुळांची चिन्हे तिला घाईघाईने नव्याने पाठ करावी लागली आणि परीक्षेत गोंधळ झाला. ती उत्तीर्ण झाली, १९०४ साली पदवीधरही झाली. पण हा प्रसंग पूर्वपक्षाच्या मुळावर येतो. जिद्द तिच्याकडे होतीच, सोयही केलेली होती. ती सोय आणि तिची तयारी यांचा आधी कुणी मेळ घातला नव्हता, एवढेच कमी होते.

आज तो मेळ चिन्हांऐवजी संगणकावर घालावा लागतो. एनव्हीडीए हा पडदावाचक ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून विकसित केला आणि तो फुकट मिळतो, मराठीही वाचतो. पण तो युनिकोडमधला मजकूर वाचतो. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोट्स त्याला निरर्थक अक्षरे वाटतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो त्याच्यासाठी कोरा असतो. आठवीत हे साधन शिकलेला मुलगा अकरावीच्या प्राध्यापकांना नम्रपणे सांगू शकतो, ‘सर, फोटो नको, टाइप केलेली फाइल द्या.’ न शिकलेला मुलगा वर्गमित्राच्या सवडीवर अवलंबून राहतो. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याचा मार्ग मोकळा करणारा मराकेश करार सर्वांआधी भारताने मान्य केला, २०१४ साली. त्या ग्रंथालयात नाव नोंदवायला कॉलेजची वाट पाहण्याचे कारण नाही.

पूर्व विदर्भाचे म्हणून एक प्रकरण आहे आणि ‘दिव्यांग’ म्हटले की ते कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तविकार घराघरांत माहीत आहे. २०१६च्या कायद्याने एकवीस अपंगत्वांत तो घेतला. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. सिकलसेल असलेली मुलगी चालते, बोलते, पाहते, ऐकते. वर्गात तिच्याकडे पाहून काही कळत नाही. पण थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम किंवा एखादा ताप यांपैकी काहीही झाले की विळ्याच्या आकाराच्या झालेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडापोटात असह्य कळा सुरू होतात. आठवडाभर शाळा बुडते. शाळेत हे चालून जाते, कारण गुरुजी घर ओळखतात. कॉलेजात ७५ टक्के हजेरीची अट असते, प्रात्यक्षिके ठरल्या दिवशी असतात, आणि गैरहजेरीचा अर्थ आळस असा लावला जातो.

तिच्यासाठी तयारी म्हणजे काय? लेखनिक आणि उतार यांच्या चौकटीत ती बसतच नाही. कळा कधी आल्या, किती दिवस टिकल्या, कशाने सुरू झाल्या याची नोंद तिने नववीपासून स्वतः ठेवावी. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र वेळेत काढावे. कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात, आजारी पडण्याआधी, डॉक्टरांचे पत्र प्राचार्यांना द्यावे. परीक्षागृहात पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची परवानगी आधी घ्यावी. वसतिगृह निवडताना रुग्णालय किती दूर आहे ते पाहावे. बुडालेले प्रात्यक्षिक कधी भरून काढता येईल हे लेखी ठरवून घ्यावे. यात जिद्दीचे काय काम? जिद्दीने रक्तपेशींचा आकार बदलत नाही. कळा अंगावर काढण्यात जिद्द दाखवणारी मुलगी रुग्णालयात उशिरा पोहोचते.

आणि एक गोष्ट तिला शाळेतच सांगितली पाहिजे. अपंगत्वाचे प्रमाण ४० टक्के भरले तर महाविद्यालयातल्या पाच टक्क्यांत ती बसते, पण सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांत बसत नाही, कारण नोकरीच्या आरक्षणाच्या कलमात रक्तविकारांचा गट नाही. हे माहीत असेल तर विषय निवडताना ती वेगळा विचार करील. माहीत नसेल, तर पदवी हाती आल्यावर तिला ते एखाद्या जाहिरातीच्या तळटीपेत वाचावे लागेल. कायद्यातली ही त्रुटी दूर व्हावी असे मला वाटतेच, पण तोवर तिच्यापासून ती लपवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता जिद्दीच्या कथा. पूर्वपक्षाचा सर्वांत आवडता पुरावा प्रांजल पाटील यांचा. उल्हासनगरला वाढलेल्या, लहानपणी दृष्टी गेलेल्या या मुलीने नागरी सेवा परीक्षेत २०१६ साली ७७३वा आणि पुढच्या वर्षी १२४वा क्रमांक मिळवला आणि ती भारतीय प्रशासकीय सेवेत गेली. तिच्या जिद्दीबद्दल दुमत नाही. पण त्या कथेत जिद्दीखेरीज काय काय आहे ते मोजून पाहा. दादरची कमला मेहता अंधशाळा आहे, जिथे ब्रेल आणि वावरण्याचे शिक्षण मिळाले. सेंट झेवियर्स कॉलेज आहे, जिथे २००३ पासून दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी वेगळे साधनकेंद्र चालते. पडदावाचक आहे, पुढे जेएनयू आहे. बातमीत मथळा जिद्दीला मिळतो आणि या संस्था मजकुरात विरून जातात. अशा बातमीने इतर पालक काय शिकतात? की आपल्या लेकरात तेवढे बळ नाही. खरे तर कमी पडले होते ते अंधशाळा, साधनकेंद्र आणि संगणक.

इथे पूर्वपक्षी म्हणेल, मग मुलाला नागपूरच्या विशेष निवासी शाळेत घाला. काही मुलांसाठी तो उत्तम मार्ग आहे. पण आंधळगावातले प्रत्येक दिव्यांग मूल घर सोडू शकत नाही. आणि सिकलसेल किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलासाठी अशी शाळा बनलेलीच नाही. त्याची तयारी गावातल्याच शाळेत व्हायला हवी.

‘शिक्षकांवर आधीच इतकी कामे आहेत’ हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. पण मी नवे काम मागत नाही, आहे ते काम मुलाकडून करून घ्या असे सांगतो. लेखनिकाचा प्रस्ताव शाळा भरतेच, तो मुलाला भरू द्या. गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक भेट देतातच, त्या भेटीत चौकशी पालकांकडे न करता मुलाकडे करा. आंधळगावच्या कोणत्याही विणकराला हे पटेल. पोराला कुणी एकदम मागावर बसवत नाही. आधी कांड्या भरायला देतात, तुटलेला धागा जोडायला देतात, मग कधीतरी धोटा हाती येतो. कॉलेजच्या बाबतीत आपण दिव्यांग मुलाच्या हातून बारावीपर्यंत एकही कांडी भरून घेत नाही आणि अकस्मात त्याच्यापुढे अख्खा माग मांडतो.

अमेरिकेतल्या शिक्षणविषयक कायद्याने हा टप्पा ओळखला आहे. दिव्यांग विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत शाळेनंतरच्या वाटचालीचा लेखी आराखडा सुरू व्हावाच लागतो आणि त्याच्या बैठकीला त्या विद्यार्थ्याला बोलवावेच लागते. कारण तिथेही कॉलेजात शाळेसारखी कुणी आपणहून काळजी घेत नाही, विद्यार्थ्याने पुढे होऊन मागावे लागते. आपल्या २०१६च्या कायद्यात प्रवेश आहे, परीक्षा आहे, वाहतूक आहे, प्रगतीवर लक्ष ठेवण्याचीही तरतूद आहे. पण शाळेतून कॉलेजात जाण्याचा हा सांधा त्यात वेगळा नेमून दिलेला नाही. तो राज्याने नियमांत आणावा, ही मागणी रास्त आहे. नियम येईपर्यंत एखाद्या मुख्याध्यापकाला आठवीच्या वर्षअखेरीस मूल, पालक आणि विशेष शिक्षक यांना एका टेबलाशी बसवायला कुणाची परवानगी लागत नाही.

पूर्वपक्षाचा शेवटचा आधार न्यायालयांचा. हक्क डावलला तर दाद मागता येते, असे म्हणतात. ११ फेब्रुवारी २०२१च्या विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट सरसकट लावता येणार नाही, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवारालाही तो मिळाला पाहिजे. २०२४ साली महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की वाचादोषाची टक्केवारी ४०च्या वर गेली एवढ्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही हे तपासावे लागेल. दोन्ही निकाल मोठे आहेत. पण दोघांनाही आधी हे ठाऊक असावे लागले की आपल्याला मिळालेला नकार अंतिम नाही, आणि ते लेखी मांडता यावे लागले. आंधळगावच्या नववीतल्या मुलीला हे कुठे शिकायला मिळणार? शाळेत ‘मला हे जमत नाही’ असे म्हणायला तिने एव्हाना लाजायला शिकलेले असते. तिथे तिला दुसरे वाक्य शिकवावे लागेल, आणि तेही दहा वेळा म्हणून घ्यावे लागेल: मला सिकलसेल आहे, हे प्रमाणपत्र, हे डॉक्टरांचे पत्र, मला प्रात्यक्षिकासाठी दुसरी तारीख लागेल, ती कुणाकडे मागायची?

एका मुलीला हे वाक्य न अडखळता प्राचार्यांसमोर म्हणता येणे, दुसऱ्या मुलाने अनोळखी लेखनिकाला बीजगणिताचे उदाहरण सांगून सोडवून घेणे, तिसऱ्याने गणित ठेवायचे की सोडायचे हे परिणाम समजून घेऊन स्वतः ठरवणे आणि त्या अर्जावर पालकांच्या सहीशेजारी त्याचीही सही असणे, हे दहावीच्या आत घडले पाहिजे. मुख्याध्यापकांनी या तीन गोष्टी तपासाव्यात, आणि समग्र शिक्षा योजनेच्या अहवालात ‘लाभ दिला’ या रकान्याशेजारी त्यांच्यासाठी एक रकाना काढावा.